लोकाचं लेकरू

अवसेच्या संध्याकाळी आमच्या घरात दिवा लावायची घाई करायची नाही, असा दंडक होता. दिवस औंढ्याच्या डोंगराआड गेला की बा उंबऱ्यावर येऊन उभा राहायचा. डोक्याचं पटकं काढून काखेत धरायचा. समोर अंगण, अंगणाच्या कडेला उकिरडा आणि उकिरड्याला लागून मेंढरांचं वाडगं. आमचं घर गावाच्या टोकाला असल्यानं त्यापलीकडे नुसतं माळरान होतं. बा उकिरड्याकडे तोंड करून हलक्या आवाजात कुणाशी तरी बोलायचा. बोलून झालं की मान जराशी कलती करून थांबायचा, कुणाच्या उत्तराची वाट बघावी तसा.

उत्तर काही यायचं नाही. मग बा पटकं झटकून डोक्याला गुंडाळायचा आणि मायला म्हणायचा, "लाव दिवा."

मला त्याच्या बोलण्याची भीती वाटायची नाही, थांबण्याची वाटायची. एकटं बोलणारं माणूस आमच्या गावात आणखीही होतं, त्याला सगळे खुळं म्हणायचे आणि विषय संपायचा. पण बा ज्या तऱ्हेनं मन लावून ऐकायचा, ते बघून वाटायचं की तिकडे कुणीतरी आहेच. त्या वेळेपुरती मेंढरं रवंथ करायची थांबायची. आमचं कुत्रं एरवी पाचोळा हलला तरी भुंकून घर डोक्यावर घ्यायचं, ते बाजेखाली शेपूट घालून पडायचं. मी स्वभावानं चिडकी आणि असल्या गोष्टींना नाक मुरडणारी बाई आहे, सासरी मला त्यावरून बोलही लागले आहेत. तरी मेंढरांचं मी बघितलेलं आहे, ते नाकारता येत नाही.

घरात आम्ही चौघं. बा, माय, माझा थोरला भाऊ आणि मी. माझ्या भावाच्या आधी मायला तीन लेकरं झाली होती आणि तिन्ही पाळण्यातच गेली होती, एवढं आम्हाला माहीत होतं. वावराच्या बांधाला बोरीखाली त्यांच्यावर ठेवलेले दगड होते. माय तिकडून जाताना पदर पुढं ओढून घ्यायची. बा तिकडून जायचाच नाही, लांबून वळसा घालायचा.

गावात बाला लोक पाठीमागं राकेस, म्हणजे राक्षस म्हणायचे. अंगानं थोराड, आवाज असा की माळावरून हाळी दिली की गावातली पोरं दाराआड व्हायची. पण त्याला ते नाव पडलं ते माझ्या भावापायी. मला बा कधीमधी खांद्यावर घ्यायचा, औंढ्याच्या जत्रेतून बांगड्या आणायचा. भावाला मात्र त्यानं कधी हात लावलेला मी पाहिला नाही. मारायचा तोसुद्धा दाव्यानं. भाऊ वाडग्यात मेंढरांजवळ झोपायचा, जेवायचा सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं. आणि बाला त्यानं 'बा' म्हणायचं नाही, 'मालक' म्हणायचं. चाकरीच्या गड्यानं म्हणावं तसं.

बा त्याला नावानं हाक मारायचा नाही. 'ते' म्हणायचा. "ते उठलं का?" "त्याला म्हणा, मेंढरं सोड." आमच्या बोलीत ही मोठी गंमत आहे. माय बाविषयी बोलताना मानानं 'ते' म्हणायची, "ते जेवले का?" आणि बा तोच शब्द भावासाठी वापरायचा, कोकराला वापरतात तसा. एकाच शब्दानं घरातला एक माणूस वर चढायचा आणि दुसरा खाली ढकलला जायचा. मी लहानपणी या दोन 'ते'मध्ये गोंधळून जायची.

कुणी परक्यानं विचारलं, "थोरलं पोरगं काय करतंय?" की बाचं उत्तर ठरलेलं, "माझं न्हाई ते. लोकाचं हाय."

लोकांनी हे शब्दशः घेतलं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. भावाचा जन्म गावात झालेला नव्हता. त्या साली आमची माणसं मेंढरं घेऊन पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडात चाराईला गेली होती, आणि परतली ती मायच्या कडेवर लेकरू घेऊनच. कुणी म्हणायचं, रस्त्यात सापडलेलं आहे. कुणी त्याहून वाईट म्हणायचं, आणि ते मायच्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणायचं. माय हंडा उचलून चालू लागायची.

आता विहिरीचं सांगते.

भाऊ आठवीत होता. उन्हाळ्याच्या दिवसात गावाच्या बारवेत कोपऱ्यावरच्या घरातलं चारेक वर्षांचं पोर पडलं. वर बायकांनी एकच गलका केला, पण उतरायची छाती कुणाची होईना, कारण पायऱ्या ढासळलेल्या होत्या. माझा भाऊ मेंढरांना पाणी दाखवायला आला होता. त्यानं काठी टाकली आणि वरूनच उडी मारली. आत त्याची हनुवटी दगडावर आपटून फाटली. पोराला त्यानं छातीशी धरलं आणि भिंतीतल्या एका दगडाला पाय लावून, दोर येईपर्यंत तसाच उभा राहिला. वर आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर पाण्यापेक्षा रक्त जास्त दिसत होतं. त्या पोराच्या आईनं माझ्या भावाचे पाय धरले. मी घरी धावत गेले, बाला सांगायला. बा हातातला दोर वळत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि उठून माळाकडे निघून गेला, पार अंधार पडेपर्यंत आलाच नाही.

पंधरा ऑगस्टला शाळेत त्याचा सत्कार ठेवला. झेंडा झाला, सरपंचांनी टॉवेल, टोपी, नारळ दिलं. हेडमास्तर बोलायला उभे राहिले, "असं लेकरू ज्याच्या पोटी आलं, तो बाप धन्य आहे," वगैरे. सगळी शाळा टाळ्या वाजवायला लागली. गावातली माणसं कुंपणाबाहेर उभी होती, तीही वाजवायला लागली. टाळ्या थांबेचनात. भाऊ टोपी सावरत उभा होता, आणि हनुवटीची नवी खूण ताणली जाते म्हणून बेतानं हसत होता. त्याला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून बा आला. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. सरळ भावासमोर जाऊन उभा राहिला, पण बघितलं त्यानं सरपंचांकडे.

"कोणाला टोपी घालून राहिले? माझं न्हाई ते. लोकाचं हाय." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अन् तुमाला काय ठावं? यानंच ढकललं असंल त्या लेकराला."

टाळ्या एकदम बंद झाल्या. बानं भावाच्या हातातला नारळ काढून घेतला आणि चालू लागला. घरी येऊन त्यानं तो उकिरड्यावर फेकला. फोडला नाही, नुसता फेकला.

मला आजही त्या वाक्याचा राग येतो. शब्द म्हणजे काही दोर नाही, विहिरीत सोडला आणि परत ओढून घेतला. कोपऱ्यावरच्या घरातल्यांनी त्यानंतर पोराला आमच्या अंगणात येऊ दिलं नाही. शाळेत पोरं भावाला म्हणायची, "जवळ उभा नको राहू, ढकलशील." ज्या बाईनं पाय धरले होते, ती रस्त्यात तोंड फिरवायला लागली. बापच म्हणतोय म्हटल्यावर काहीतरी असेलच, असं गावाला वाटलं. आणि माझा भाऊ हसायचा बंद झाला तो झालाच.

त्यानंतरच्या अवसेला भाऊ मला म्हणाला, "चल, ऐकू तरी काय बोलतंय मालक." दाराच्या बाजूला तुराट्यांचा कूड होता, शेणानं लिंपलेला, त्याच्या आड आम्ही दोघं बसलो. तिन्हीसांजा झाल्या. बा उंबऱ्यावर आला, पटकं काखेत धरलं.

"लोकाचं हाय ते," बा उकिरड्याला म्हणाला. आवाज इतका मऊ, की मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोलतंय. "आमचं न्हाई. आमाला त्याचं काही न्हाई. न्यायचं तर ने. आत्ता ने. आमी रडणार न्हाई."

पुढं तो आणखी काही पुटपुटला, ते कळलं नाही. मग मान कलती करून थांबला. मेंढरं गप्प. मला कुडाच्या फटीतून बाचा एकच कान दिसत होता, आणि तो कान उकिरड्याकडे लागलेला होता. भावाचा हात माझ्या मनगटावर होता, तो गार पडत गेला.

"मला देऊन राहिला तो कोणाला तरी," भाऊ नंतर वाडग्यात बसून म्हणाला. रडत नव्हता. "बारवेत बी म्या मरायला पायजे होतो. म्हणून राग आला त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चुलीपुढं मायला विचारलं, "माय, बाला म्या मेलेला पायजे का?"

मायनं पिठाचा हात तसाच त्याच्या तोंडावर दाबला. आम्हाला वाटलं, मरणाचं बोलला म्हणून. पण ती म्हणाली, "मालक म्हण. बा न्हाई म्हणायचं, किती डाव सांगितलं." तोंडावर पिठाची पाच बोटं घेऊन तो मेंढरं सोडायला गेला. त्यानंतर त्यानं मायलाही काही विचारलं नाही.

दहावी झाल्यावर भाऊ घर सोडून वारंगा फाट्यावर गेला. आधी पंक्चरच्या दुकानात, मग ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, मग स्वतःच गाडी चालवायला लागला. गावी यायचा नाही. माझं लग्न आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला झालं, तेव्हा मांडवात आला, मामाच्या बाजूनं पाहुण्यासारखा बसला आणि जेवून गेला. बा त्याच्याकडे पाठ करून उभा होता. पुढं राखीला मात्र दरसाल माझ्या सासरी यायचा. असाच एका राखीला तो म्हणाला, "मालक आला होता फाट्यावर."

"कशाला?"

"काय ठावं. म्या टायर खोलून राहिलो होतो. वर पाह्यलं तं रस्त्याच्या पल्याड हुबा. घोंगडी घेऊन. मधून ट्रका जाऊन राहिल्या, धुराळा उडून राहिला, अन् हा जागचा हलंना. ओठ हालत होते." त्यानं राखीची गाठ नीट करून घेतली. "एकडाव न्हाई, लई डाव आला तसा. बोलत न्हाई, इकडं येत न्हाई. मला आता अवस आली का गाडी काढू वाटत न्हाई."

हा माणूस उलटलेल्या जीपखालून तीन बायकांना ओढून काढणारा होता. त्यात त्याचा हात भाजला, तरी मागं सरला नव्हता. आणि तो रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला भीत होता. मला बाचा इतका संताप आला, की त्या दिवाळीला मी माहेरी गेले नाही.

मग दोन हजारच्या पुढल्या सालांत कधीतरी बाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मी गोरेगावहून गेले. बा बाजेवर पडलेला, इतका लहान दिसत होता की आधी मला वाटलं बाजेवर नुसती घोंगडीच आहे. भावकीतली माणसं येऊन बसायची आणि बाजूला होऊन एकमेकांत बोलायची, की अग्नी कोण देणार. पोरगं तर लोकाचं. बा स्वतःच जड जिभेनं म्हणाला, "पुतण्या दील."

त्या दिवशी मायचा बांध फुटला. मला ती वाडग्यात घेऊन गेली आणि शेळीच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता बोलली.

"तिघं गेले माझे, तिन्ही पोरगेच. चौथ्याच्या टायमाला पैनगंगेपल्याड होतो आमी. तिथं एक सुईण होती, लई बुढी. बिडी ओढायची, गळा फाटल्यावानी घोगरं बोलायची. लेकरू झालं तसं तिनं ते उचललं अन् उकिरड्यावर ठिवलं. म्हणे, सटवाईला तुमचं घर सापडलंय, हे बी नील. मंग म्हणे, म्या उचलते, आता हे माझं. अन् तू माह्यापून इकत घे. सूपभर कोंडा देला म्या, अन् घेतलं. तुह्या बाला तिनं बजावलं, याला आपलं म्हणशील तं हे जाईन. जीव लावलेला दिसला का ती नेती. लोकाचं म्हण. उकिरड्यावरचं म्हण. त्याच्या तोंडून बा म्हणून घेऊ नको. म्या सांगंन तवर."

"मग?"

"मंग पुढच्या साली गेलो तं बुढी मेलेली. झोपडं बी पडलेलं."

मला काही वेळ कळलंच नाही. मग कळलं. ज्यानं गाठ बांधली त्यानंच सोडायची, हे आमच्यात पक्कं असतं. सोडणारी मेली होती. तिनं 'आता पुरे' म्हटलं नव्हतं. आणि माझा बा, दावं तुटलं तरी खुंट्यापाशीच उभ्या राहणाऱ्या जनावरासारखा, तिथंच उभा राहिला.

"अवसेला तिलाच इचारतेत ते," माय म्हणाली. "आधी सटवाईला म्हणतेत, लोकाचं हाय, न्यायचं तर ने. म्हंजे तिला वाटावं, यांना काई किंमतच न्हाई लेकराची, मंग ती कशाला नील. अन् मंग बुढीला म्हणतेत, मावशे, म्हणू का आता? अन् वाट पाह्यतेत. त्यो जीपीत भाजला तवा तीन दिस अन्न न्हाई घेतलं त्यायनं. फाट्यावर जायाचे ते बी पाह्यालाच. लांबून."

"आणि तू गप्प बसलीस? गाव तुला काय काय बोललं, तरी?"

"माझं काय," माय म्हणाली. "लेकरू जगलं ना."

मी चिडले. मायवर, बावर, त्या मेलेल्या बुढीवर. असली खुळी समजूत आणि तिच्यापायी एका पोराचं अख्खं बालपण उकिरड्यावर. आणि खरं सांगायचं तर मला ते सगळंच्या सगळं पटलंही नाही. माणूस इतकी वर्षं राकेसाचं सोंग घेतो, तेव्हा सोंग कुठं संपलं आणि माणूस कुठं सुरू झाला, ते त्याला तरी कळत असेल का? दाव्याचा मार तर खरा होता. त्याचे वळ मी बघितले आहेत.

मी भावाला फोन केला. येणार नाही म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी आला. नेमकी अवस होती. जीप गावाच्या फाट्यावर थांबते, तिथं मी त्याला गाठलं आणि घरापर्यंत चालताना सगळं सांगितलं. कोंड्याचं, उकिरड्याचं, बुढीनं बांधलेल्या गाठीचं. बुढी दिसायला-बोलायला कशी होती, असलं काही मी सांगितलं नाही, सुचलंही नाही. तो खाली बघत चालत होता. बारव आली तेव्हा थांबला.

"मंग हितलं? ढकललं असंल म्हणला ते? ते बी तिला फसवायलाच?"

मी त्याच्या हातातली पिशवी घ्यायला गेले, त्यानं ती दिली नाही.

"सटवाई फसली का न्हाई, मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "म्या फसलो."

घरी आल्यावर तो आत आलाच नाही. बाच्या डोळ्यांसमोरून अंगण ओलांडलं आणि वाडग्यात जाऊन लहानपणी झोपायचा त्या जागी बसला. बानं त्याला बघितलं. डावा हात घोंगडीवर थोडा हलला, बस.

दिवस कलला तसा बा धडपडायला लागला. उंबऱ्याकडे बोट दाखवायला लागला. माय आणि मी मिळून बाज ओढत दारापाशी नेली, पाठीला गोधड्यांची वळकटी लावून त्याला बसवलं. माय हापशावर पाणी आणायला गेली. तिला ते बघवत नव्हतं, असं मला वाटतं. मी बाच्या डोक्याचं पटकं काढून त्याच्या काखेत दिलं, आणि कुडाच्या आड गेले.

मी ठरवलं होतं. एका मेलेल्या बाईच्या एका शब्दावाचून हे सगळं अडलेलं होतं, तर तो शब्द मीच देणार होते. 'म्हण' एवढंच म्हणायचं होतं. म्हातारा ऐकतोय उकिरड्याचं, त्याला काय कळणार कोण बोललं ते. इतकी साधी गोष्ट मायनं इतक्या वर्षांत का केली नाही, याचंच मला आश्चर्य वाटत होतं.

अंधारून आलं. मेंढरं थांबली. कुत्रं बाजेखाली सरकलं. आमचं जुनं कुत्रं कधीच मेलेलं होतं, हे दुसरंच होतं.

त्या दिवशी बा सटवाईशी बोललाच नाही. जड जिभेनं, एकेक शब्द ओढत म्हणाला, "मावशे. माह्यानं आता हुबं न्हाई राहवत. म्हणू का?"

आणि मान कलती करून थांबला.

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. मायला का जमलं नसेल, ते मला तेव्हा समजलं. उकिरड्यावरचा धूर खाली बसलेला होता, वारा नव्हता, आणि बाचा तो कान फटीतून मला दिसत होता, लहानपणी दिसायचा तसाच. मी पुन्हा प्रयत्न करणार, तेवढ्यात बानं मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. कुणी काही सांगितल्यावर म्हणतात तसं.

मी काहीही बोलले नव्हते.

मग त्यानं मान वाडग्याकडे वळवली आणि हाक मारली. माळावरची ती जुनी हाळी नव्हती, पण पोहोचली. "ए माह्या लेकरा. जेवला का तू?"

भाऊ वाडग्यातून उठला. उकिरड्यापर्यंत आला आणि तिथं थांबला. मला वाटलं परत फिरेल. त्याच्या जागी मी असते, तर कदाचित फिरले असते.

"न्हाई," तो म्हणाला. मग पुन्हा, "न्हाई, बा." तो शब्द त्याला नीट म्हणताही आला नाही. त्याला इतक्या मोठेपणी पहिल्यांदा बाला बा म्हणताना मी तेव्हा ऐकलं. पण पुढं त्यानं विचारलंच, "शाळंत तसं काहून म्हणले तुमी? म्या ढकललं म्हणून?"

"लई टाळ्या वाजवून राहिले होते रे समदे," बा म्हणाला. "थांबंचनात. तिला ऐकू गेलं असतं. मला लई भेव वाटलं."

भाऊ अंगण ओलांडून आला आणि उंबऱ्यावर बाजेला टेकून बसला. बानं डावा हात त्याच्या तोंडावरून फिरवला. चाचपत चाचपत तो हात हनुवटीच्या जुन्या खुणेवर आला आणि तिथंच राहिला. माय हंडा घेऊन आली, ती अंगणात उभीच राहिली. दिवा लाव म्हणायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मेंढरं परत रवंथ करायला लागली होती.

बा पुढली अवस बघायला राहिला नाही. अग्नी भावानं दिला. भावकीतल्या एकानं विचारलं, हे कसं काय, तेव्हा भाऊ म्हणाला, "सूपभर कोंड्याला घेतलाय मला. हक हाय माझा." आता कुणी मला विचारलं, की त्या बापाला पोराचं वाईट करायचं होतं का, तर मी नाही म्हणते. पण वाईट झालं, हेही मी म्हणते. दोन्ही खरं आहे आणि त्याचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

तेरावं झाल्यावर भाऊ फाट्यावर परत निघाला. चुलीपुढं बसून भाकर खात होता, माय थापत होती. खाता खाता माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "एक इचारू? त्या दिशी कुडाच्या आडून 'म्हण' म्हणली ती तूच ना? वाडग्यापर्यंत ऐकू आलं मला. पण आवाज काहून इतका घोगरा काढला, बिडी ओढणाऱ्या बुढीवानी?"

मायचा हात परातीत थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तव्यावरची भाकर करपायला लागली होती.

"व्हय," मी म्हणाले. "मीच."